डेलियाची स्थळप्रत

रत्नाक्कांनी डेलियाचे कंद सख्ख्या बहिणीच्या हातात न देता बहिणीच्या नवऱ्याच्या हातात दिले, आणि इथूनच सगळं बिघडलं.

उज्ज्वलाबाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांच्यादेखत अक्का म्हणाल्या, "हिच्याकडं तुळससुद्धा टिकत नाही. दाजी, तुम्ही नियमानं चालणारे. तुमच्यावर सोपवते."

कुंडलिकरावांनी पिशवी दोन्ही हातांनी घेतली. सरकारी खात्यातून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षं झाली होती, आणि या तीन वर्षांत त्यांच्यावर कुणी म्हणून काही सोपवलं नव्हतं. गॅसचा नंबर सून पुण्यातून मोबाइलवर लावायची. लाइटबिल मुलगा भरायचा. भाजी आणली तर प्रत्येक वांगं उलटंपालटं करून तपासलं जायचं आणि दोन तरी वांगी नापास व्हायची. एकतीस वर्षं ज्यांच्या सहीवाचून कागद हलला नाही, त्यांना कढीपत्त्याची जुडी निवडता येत नाही असं घरात सर्वानुमते ठरलं होतं. त्यामुळं 'सोपवते' हा शब्द ऐकून त्यांना आतून फार बरं वाटलं. पाचगणीहून मंचरजवळच्या कळंबला येईपर्यंत तीन एसट्या बदलल्या, पण पिशवी काही त्यांनी मांडीवरून खाली ठेवली नाही.

अक्का पाचगणीला नर्स होत्या. यजमान गेल्यानंतरही घरामागच्या परड्यात त्यांनी बावीस वर्षं हा एकच डेलिया राखला होता. गर्द मरून रंगाचा, ताटलीएवढं फूल. आता दोन्ही गुडघे गेले होते, आणि मुलगा त्यांना पुण्याला नवव्या मजल्यावर घेऊन चालला होता. घर रिकामं करताना फ्रिज एकाला, कपाट दुसऱ्याला असं करत डेलिया दाजींच्या वाट्याला आला. पिशवीत एक वाळका दांडा आणि त्याला लोंबणारे नऊ कंद होते. दिसायला थेट रताळी. सोबत एक चिठ्ठी होती. होळी झाली की लावावेत. डोळे सुटले की वेगळे करावेत. कोंब वर येईपर्यंत पाणी घालू नये. ऊन कडक असल्यास सावली करावी. एवढंच. अक्षय तृतीयेला येऊन बघते, असं अक्कांनी जाताना तोंडी सांगितलं.

कुंडलिकरावांनी चिठ्ठी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातली आणि फाइल उघडली.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंद लावायचेच असा त्यांचा निश्चय होता. आता कळंबला शिमग्यात दुपारी बारा वाजता माणूस बाहेर पडला तर त्याच्या टाळूवर पापड भाजून निघतो. पाचगणीचा शिमगा वेगळा, कळंबचा वेगळा, हे कुणालाही कळेल. पण चिठ्ठीत होळी लिहिलं होतं आणि चिठ्ठीत तापमानाचा उल्लेख नव्हता. शिवाय आडवी आली ती गच्ची. बिल्डिंग तीन मजली, लिफ्ट नाही, कुंडलिकराव दुसऱ्या मजल्यावर, गच्ची सगळ्यांची. तेव्हा गच्चीवर कुंड्या ठेवायला सोसायटीची परवानगी पाहिजे, असं कुंडलिकरावांनीच काढलं.

सोसायटीच्या अध्यक्षा तिसऱ्या मजल्यावरच्या वैजयंतीबाई. त्या म्हणाल्या, ठेवा की, कोण अडवतंय. तोंडी परवानगी ऐकून कुंडलिकरावांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी नऊ कुंड्यांसाठी रीतसर अर्ज दिला, दोन प्रतींत. अर्ज आला म्हटल्यावर बैठक घ्यावी लागली. पहिल्या बैठकीला कोरम भरला नाही, कारण त्या दिवशी मंचरला बाजार. दुसऱ्या बैठकीत कोरम भरला, पण चर्चा पाण्याच्या टाकीवर गेली आणि तिथून कुणाच्या तरी भाचीच्या लग्नावर. तिसऱ्या बैठकीत मंजुरी मिळाली, ती आठ कुंड्यांना. मागितलं तेवढं सगळं दिलं तर कमिटी कशाला, हे वैजयंतीबाईंना मागं एकदा कुंडलिकरावांनीच समजावून सांगितलं होतं. आपल्याच शिकवणीनं आपली एक कुंडी गेली याचं त्यांना वाईट वाटलं, पण ठराव ठरावासारखा झाला होता, तो त्यांनी फाइलला लावला. एव्हाना होळीला दहा दिवस होऊन गेले होते.

तळमजल्यावर गेणभाऊ राहायचे. मूळचे सातगाव पठारावरचे, चाळीस वर्षं बटाटा केलेला माणूस. मुलानं हायवेला दुकान टाकलं म्हणून खाली आले, पण जीव अजून पठारावरच. कुंडलिकराव पायरीवर पिशवी उघडून बसलेले दिसले तसे ते आले, एक कंद हातात घेऊन त्यांनी नखानं खरवडला आणि पहिली शंका काढली ती मोसमाची. शिमग्यात माणूस जमिनीतनं काढतो, घालत न्हाई, असं त्यांचं मत पडलं. कुंडलिकरावांनी फोल्डर दाखवला. लेखी आहे म्हटल्यावर गेणभाऊंनी मोसमाचा मुद्दा सोडला आणि दुसरा धरला.

"पर आख्खं बी लावणार व्हय तुमी? आमी आख्खा बटाटा लावत बसलो असतो तर पठारावर चूल पेटली नसती. कापा म्हंजी डोळा जागा व्हतोय."

चिठ्ठीत डोळे सुटल्यावर वेगळे करा असं होतं. गेणभाऊंचं म्हणणं, वेगळे केल्याबिगर डोळे सुटत नाहीत. हे म्हणजे दाखला आणल्याशिवाय अर्ज नाही आणि अर्ज केल्याशिवाय दाखला नाही, असं झालं. या प्रकारचे पेच कुंडलिकरावांनी नोकरीत शेकड्यानं घातले होते, सोडवला मात्र एकही नव्हता. अक्कांना फोन करावा असं एकदा मनात आलं. पण ज्यानं विश्वासानं काम दिलं त्यालाच काम कसं करायचं हे विचारणं त्यांना जड गेलं. इतकी साधी गोष्ट दाजींना ठाऊक नाही, असं अक्का म्हणाल्या असत्या, आणि मग ती गोष्ट फोनवरून फोनवर सगळ्या नात्यात फिरली असती. त्यांनी गेणभाऊंना मान डोलावली.

गेणभाऊंनी घरातून पाट आणला, विळा नाही, खास बियाण्याची सुरी आणली, चुलीतली राख आणली. चाळीस वर्षांचा हात तो. एकेक कंद दांड्यापासून सफाईनं तोडायचा, गरगरीत भाग तेवढा घ्यायचा, मधोमध दोन फाकी, काप राखेत बुडवून बाजूला. बघताबघता आठ कंदांच्या सोळा फाकी झाल्या. नवव्याला सुरी लागणार इतक्यात कुंडलिकरावांनी मधे हात घातला.

"हा राहू द्या. एक स्थळप्रत लागते."

स्थळप्रत म्हणजे काय ते त्यांना समजावून सांगावं लागलं. कचेरीतून कागद बाहेर गेला की त्याची एक नक्कल जागेवर राहते, उद्या कुणी विचारलं तर दाखवायला. बटाट्यात असलं काही नसतं, असं गेणभाऊ म्हणाले, पण सरकारी माणसाशी कोण वाद घालणार. वाळका दांडा आणि त्याला लटकलेला तो एक कंद, असं ते ध्यान जसंच्या तसं राहिलं. गच्चीवर नववी कुंडी नामंजूर होती. म्हणून रंगाच्या रिकाम्या बादलीत माती घालून स्थळप्रत त्यात बसवली आणि बादली खाली जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी सरकवली. मग सगळेच तिला विसरले.

आता माती. मातीचा विषय निघाला आणि पहिल्या मजल्यावरचे सावळेराम गुरुजी जिना उतरून आले. गुरुजी भीमाशंकरच्या डोंगरातले. तिथल्या शाळेत हयात गेली. पठारावरच्या लोकांना बटाट्यापलीकडं काही समजत नाही, हे त्यांचं जुनं मत त्यांनी गेणभाऊंच्या समोरच पुन्हा सांगितलं. कच्च्या मातीत बी घालायचं नसतं. आमच्याकडं चैताच्या तोंडाला भाताच्या रोपासाठी राब भाजतात. खाली शेण, वर पालापाचोळा, त्यावर गवत, वर मातीचा पातळ थर, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं काडी लावायची. किडा मरतो, तण मरतं, माती लोण्यासारखी होते. गुरुजींनी हे इतक्या गोडीनं सांगितलं की कुंडलिकरावांना भाजलेल्या मातीशिवाय डेलिया लावणं हा अक्कांचा अपमान वाटायला लागला.

गच्चीच्या कोपऱ्यात वाफाभर राब रचला. वाऱ्याच्या उलट्या बाजूनं काडी लावली. चूक एवढीच झाली की डोंगरात वारा कुठून येतो हे गुरुजींना पाठ होतं आणि कळंबचा वारा त्यांच्या शिकवणीतला नव्हता. धूर आधी हायवेकडं गेला, मग त्याचं मन बदललं. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला वैजयंतीबाईंच्या पाच किलो कुरडया साडीवर वाळत होत्या. पांढऱ्याशुभ्र. वैजयंतीबाई वर येईपर्यंत त्या सगळ्या पिवळट पडल्या होत्या आणि त्यांना शेणाचा वास लागला होता. गुरुजी तोवर संध्येची वेळ झाली म्हणून खाली गेले होते. दुपारचे साडेतीन वाजले होते.

वैजयंतीबाई भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या म्हणाल्या, नोटीस देणार. पण नोटीस कशी लिहितात हे बिल्डिंगमध्ये फक्त एकाला माहीत होतं. त्या संध्याकाळी वही घेऊन कुंडलिकरावांकडेच आल्या. कुंडलिकरावांनी चष्मा लावला आणि स्वतःविरुद्ध नोटीस लिहून दिली. विषय, सामाईक गच्चीवर जाळ करून वाळवणाचे नुकसान केल्याबाबत. जावक क्रमांक टाकला. सात दिवसांत खुलासा न आल्यास एकतर्फी निर्णय घेण्यात येईल, हे वाक्य वैजयंतीबाईंना जरा कडक वाटलं, पण कुंडलिकरावांनी ते ठेवायला लावलं, कारण त्याशिवाय नोटिशीला वजन येत नाही. मग पोच म्हणून स्वतःच सही केली. खाली वैजयंतीबाईंनी आपल्या अक्षरात लिहिलं, कुरडयांचं काय?

कुरडयांचं उज्ज्वलाबाईंना करावं लागलं. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटायचे, चीक काढायचा, शिजवायचा, सोऱ्यानं घालायच्या. गहू भिजत होते ते तीन दिवस उज्ज्वलाबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सोऱ्या फिरवताना एवढंच म्हणाल्या, "अक्कानं माझ्याकडं दिले असते तर मी नुसते विसरले असते." कुंडलिकरावांनी यावर खुलासा केला नाही.

सोळा फाकी आठ कुंड्यांत बसल्या. भाजलेली माती, वर उज्ज्वलाबाईंच्या जुन्या साडीची सावली, पाणी बंद. आणि वाट बघणं सुरू झालं. कुंडलिकराव सकाळी सहाला वर जायचे, चष्मा पुसून आठही कुंड्यांवर वाकायचे आणि खाली येऊन फाइलमध्ये लिहायचे, प्रगती निरंक. गुढीपाडवा गेला. निरंक. रामनवमी गेली. निरंक. जिन्यात भेटेल तो विचारायचा, आला का हो डेलिया? जणू काही घरात कुणाची परीक्षा झाली होती आणि निकाल लागत नव्हता. कुंडलिकरावांनी जिना उतरायच्या वेळा बदलल्या.

चौथ्या आठवड्यात कुंड्यांना वास यायला लागला. माती ओली होती. चिठ्ठीत पाणी स्पष्ट मना होतं, आणि माती मात्र चिखल. पहाटे पाचला जाऊन कुंडलिकराव टाकीमागं बसले तेव्हा उलगडा झाला. आधी गेणभाऊ तांब्या घेऊन आले. ते गेले आणि पाच मिनिटांनी गुरुजी तांब्या घेऊन आले. दोघांनी एकमेकांना पाहिलं नव्हतं. दोघंही रोज येत होते. विचारल्यावर दोघांचं उत्तर एकच, एवढ्या उन्हात बिचाऱ्या जिवाला कोरडं ठेवणं बघवत नव्हतं. याच्यावर रागवायचं कसं, हे कुंडलिकरावांना कळेना. रागवायलासुद्धा माणसात थोडी ताकद शिल्लक असावी लागते.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या कुंड्या उपसल्या. दहा फाकी सडून गेल्या होत्या. सहा फाकी शाबूत होत्या, अगदी टणक, आणि त्यांना बारीक पांढऱ्या मुळ्या फुटलेल्या होत्या. पण कोंब नव्हता. गेणभाऊंनी एकेक फाक उजेडाला धरून बघितली. त्यांचा चेहरा उतरला होता.

"मुळी धरलीय, जित्ती हाय," ते म्हणाले, "पर डोळाच न्हाई हिला. मी असलं बी जल्मात पायलं न्हाई, राव."

कुंडलिकराव खाली उतरले. अक्कांना आता काय तोंड दाखवायचं, हा एकच विचार डोक्यात होता. तीन वर्षांत एक काम मिळालं, तेही धड झालं नाही. रिकामी कुंडी ठेवायला तळमजल्यावर जिन्याखाली वाकले, तर मीटरच्या पेटीशेजारी रंगाच्या बादलीतून काहीतरी वर आलेलं दिसलं. वाळक्या दांड्याच्या बुडाशी अंगठ्याएवढे पाच कोंब होते, काळपट जांभळे, ओल्या पोवळ्यांसारखे. तिथं थंडावा होता, सावली होती, कुणी पाणी घातलं नव्हतं, कुणी सल्ला दिला नव्हता. त्यांनी उज्ज्वलाबाईंना हाक मारली. त्या आल्या आणि बराच वेळ बादलीपाशी उकिडव्या बसून राहिल्या. मग म्हणाल्या, पाचगणीला असेच दिसायचे.

दुसऱ्या दिवशी अकराला अक्का आल्या. मुलानं गाडीतून खाली सोडलं आणि तो मंचरला कामाला गेला. दोन जिने चढायला अक्कांना अर्धा तास लागला. जिन्याखाली त्यांची नजर गेली नाही, सगळं लक्ष गुडघ्यांत. वर येऊन खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, हं, दाखवा.

कुंडलिकरावांनी खुलासा लिहून ठेवला होता, मुद्देसूद, दोन पानी. तो त्यांनी खिशातून काढला आणि परत ठेवला.

"अक्का, मी ते कापले. सोळा फाकी केल्या. सगळ्या गेल्या."

दारात उभे असलेले गेणभाऊ पुढं झाले आणि म्हणाले, सुरी माझी व्हती, बाई, यांचा दोष न्हाई. कुंडलिकराव म्हणाले, सोपवलं माझ्यावर होतं.

अक्कांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, डेलियाचा डोळा अंगाला नसतो, मानेला असतो, दांड्याला चिकटून. हे लिहायचं राहून गेलं. बावीस वर्षं तेच करत आले, त्यामुळं लिहावं असं सुचलंच नाही. आणि मग त्या खुर्चीत मागं टेकल्या. त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"खरं सांगू का दाजी? बरं झालं. हे गेले त्या साली त्यांनी तो कंद कुठूनसा आणला होता. फूल बघायला ते राहिले नाहीत. तेव्हापासून दर थंडीत उकरा, वाळवा, पोत्यात ठेवा, होळीला परत लावा. गुडघे रडायचे. मला लावायचं नव्हतं आणि टाकवतही नव्हतं. म्हटलं, दाजींकडं दिलं की आपोआप निकाल लागेल."

कुंडलिकरावांच्या डोळ्यांपुढं त्यांचं जुनं टेबल आलं. साहेब जाडजूड फाइली पाठवायचे आणि शिपायाला सांगायचे, ही कुंडलिककडंच दे. त्यांना तेव्हा छाती फुगल्यासारखं व्हायचं. त्या फाइलींपैकी एकही पुन्हा साहेबांकडं गेली नव्हती, आणि साहेबांनी एकदाही विचारलं नव्हतं. एकतीस वर्षांचा हिशोब असा एका वाक्यात लागला, आणि तो ऐकून त्यांना खरंच फार वाईट वाटलं.

अक्का म्हणत होत्या, सुटले बाई एकदाची. उज्ज्वलाबाई नवऱ्याकडं बघत होत्या. गेणभाऊंनी तोंड उघडलं होतं, त्यांना कुंडलिकरावांनी डोळ्यांनीच थांबवलं. गप्प राहणं सोपं होतं. अक्का चहा पिऊन, पुरणपोळी खाऊन मोकळ्या मनानं नवव्या मजल्यावर गेल्या असत्या. बादली जिन्याखालीच राहिली असती. दयाबुद्धीनं पाहिलं तर गप्प राहणंच बरं, हे त्यांना कळत होतं. पण अक्कांनी त्यांच्याबद्दल जे धरलं होतं ते त्यांच्या घशाखाली उतरेना.

"अक्का," ते म्हणाले, "एक जगलाय. खाली आहे."

अक्कांच्या कपाळावर आठी आली. कशाला जगवलात, असं त्या तोंडानं म्हणाल्या नाहीत, पण दिसलं तसं. मग त्यांनी खुर्चीच्या हातावर जोर दिला आणि उठल्या. उज्ज्वलाबाई म्हणाल्या, आम्ही वर आणतो, तू बस. अक्कांनी ऐकलं नाही. कठडा धरून, एक पाय टेकवून मग दुसरा, असं करत त्या दोन्ही जिने उतरल्या. गुरुजींनी स्टूल आणून ठेवलं. अक्का बादलीसमोर बसल्या आणि बोटानं कोंब मोजले. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्यांनी पुसलं नाही.

"एक काम सोपवलं होतं तुमच्यावर, दाजी," त्या म्हणाल्या. "तेवढंही धड जमलं नाही तुम्हाला."

"नाही जमलं," कुंडलिकराव म्हणाले. उभ्या नोकरीत इतका चांगला शेरा त्यांना कुणी दिला नव्हता.

अक्कांनी पर्समधून मोबाइल काढला आणि मुलाला सांगितलं की आज गाडी घेऊन येऊ नकोस, मला इथं काम आहे.